काढ्यात काय कमी होतं

बाळंतकाढा करायला हाताची चव वगैरे काही लागत नाही, यादी लागते, असं माझं ठाम मत होतं. हे मत मी चार बायकांत बोलूनही दाखवलं होतं. मी शिरूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. जगात जे जे कुणी कधी केलं ते कुणीतरी कुठंतरी लिहून ठेवलेलं असतं, शोधायला फक्त चिकाटी लागते, यावर माझी नोकरी उभी आहे.

आईनं मात्र काहीच लिहून ठेवलं नव्हतं.

आमची वाडी राहू गावाच्या पुढं, भीमेकडं उतरताना लागते. दोन्हीकडं ऊस, मधे गुऱ्हाळं आणि गुऱ्हाळांच्या मधे जागा उरली तिथं माणसं. गेल्या तीस वर्षांत या वाडीत जी बाई बाळंत झाली तिनं माझ्या आईचा, कस्तुराबाईंचा काढा प्यायला. आई गेली तेव्हा मला सातवा महिना होता. सकाळी म्हशीची धार काढायला बसली आणि उठलीच नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी धाकटी झाली. थोरली आठ वर्षांची. तिची शाळा बुडायला नको म्हणून ती बापाजवळ शिक्रापुरात राहिली, आणि मी बाळंतपणाला माहेरी आले. माहेर म्हणजे आता फक्त आबा होते, माझे वडील.

लोक भेटायला यायचे आणि मला सांगायचे, रडून घे, मन मोकळं होईल. मला ते पटत होतं. पण दर दीड तासाला माझ्या आधी दुसरंच कुणीतरी रडायला लागायचं आणि माझा नंबर राहून जायचा.

मला हवी होती एकच गोष्ट. थोरलीच्या वेळी आई सकाळ-संध्याकाळ स्टीलच्या छोट्या पेल्यातून काढा द्यायची. कडू, मग गोड, मग तिखट, आणि शेवटी गळ्यातून उतरताना कानाच्या पाळ्यांपर्यंत जाणारी एक ऊब. पेला परत घेताना ती म्हणायची, "नीज आता." आणि मी निजायची. तो घोट मला पुन्हा हवा होता. आई परत येणार नाही हे मला कळत होतं, तेवढी मी शिकलेली आहे. पण काढा परत यायला काय हरकत होती?

धाकटी दीड महिन्याची झाल्यावर मी कामाला लागले. दोन जुने ग्रंथ चाळले. दौंडच्या बाजारातल्या ज्या काष्ठौषधीच्या दुकानातून आई सामान आणायची तिथून सगळं मागवलं. दशमुळं, बाळंतशेपा, सुंठ, पिंपळी, ओवा, वावडिंग, शतावरी. आठ भांडी पाणी आटवून एक भांडं उरवलं, त्यात गुऱ्हाळावरचा गूळ घातला, गाळला, निववला. पहिला पेला दगडामावशीला दिला. दगडामावशी ही आईची मैत्रीण, सत्तरीची, धाकटीला न्हाऊ घालायला रोज यायची. या वाडीतली निम्मी डोकी तिनंच तेल लावून गोल केलेली आहेत.

तिनं घोट घेतला, तोंडात घोळवला आणि उंबऱ्याकडं बघत बसली.

"कसा झालाय?"

"चांगला हाय की."

"आईसारखा?"

"चांगला हाय म्हणलं ना."

दुसऱ्या खेपेला पिंपळी वाढवली. तिसऱ्या खेपेला लोखंडाची कढई घेतली. चौथ्या खेपेला आबांना चव बघायला बसवलं. आबांनी घोट घेऊन डोळे मिटले तेव्हा मला आशा वाटली. डोळे उघडून म्हणाले, "खोकल्याला चालंल."

मी कॅलेंडरच्या मागं तक्ता केला. तारीख, सामान, किती वेळ आटवला, आणि शेवटच्या रकान्यात दगडामावशीचा चेहरा. आठ दिवसांत पाच काढे झाले. घरात पातेलं उरलं नाही. चहात साखरेऐवजी मी दोनदा सुंठ घातली आणि आबांनी तो न बोलता प्यायला. झोप अशी उरली नव्हतीच. मी उभ्या उभ्या, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे झोपायला शिकले होते.

"आबा, आई यात आणखी काय घालायची?"

"मला काय ठावं? बायकांचं काम."

"सामान तर तुम्हीच आणायचात."

"ती चिठ्ठी द्यायची. मी दुकानदाराला द्यायचो."

"मग चिठ्ठी कुठंय?"

"दुकानदाराकडं."

हे बोलताना त्यांची आणि दगडामावशीची नजरानजर झाली. तशी ती झाली की मावशीला लगेच वाळत घातलेली लंगोटं आठवायची आणि आबांना गुरं.

मी दुकानदाराला फोन केला. तो भला माणूस. म्हणाला, "काकूंची यादी मला तोंडपाठ आहे ताई," आणि मी आणलेलं सामानच त्यानं पुन्हा म्हणून दाखवलं.

"अजून काही?"

"आमच्याकडं मिळतं ते एवढंच," तो म्हणाला.

हे वाक्य ग्रंथालयात एखाद्या विद्यार्थ्यानं म्हटलं असतं तर मी चष्मा काढून त्याच्याकडं बघितलं असतं. पण मी तेव्हा फोन कानाला धरून झोपायच्या बेतात होते.

त्याच दुपारी आबांनी मोटरसायकल बाहेर काढली.

"शिक्रापूरला जाऊन येतो. काम हाय."

"काय काम?"

"हाय जरा."

तीन तासांनी आले ते बंडीच्या खिशावर हात ठेवूनच, आणि मला चुकवून स्वयंपाकघरात गेले.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या वाडीत दारूचं दुकान होतं आणि आबा तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक होते. मग आईनं बायका जमवल्या आणि दुकान बंद करायला मतदान मागितलं. त्या मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आई महिनाभर दारोदार फिरली, हातात एक रिकामी बाटली घेऊन. दार उघडलं की ती बाटली उंबऱ्यावर आडवी ठेवायची आणि पुढच्या दाराला जायची. बोलायची नाही. बाटली आडवी झाली, दुकान गेलं. मतदानाच्या आदल्या दिवशी आबांनी सोडली ती सोडलीच. आजूबाजूच्या चार गावांत आईची ओळख तीच, आडव्या बाटलीवाल्या कस्तुराबाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाव्या काढ्यासाठी मी शेपाचा डबा उघडला. शेपात अर्धी रुतलेली एक चपटी बाटली होती. ब्रँडीची. उभी.

मी डबा लावला आणि खाली बसले. आईला जाऊन पुरते पाच महिने झाले नव्हते. बाटलीचं सील फोडलेलं नव्हतं. यावरून ही दुसरी किंवा तिसरी असणार, असं अनुमान मी काढलं. झोप कमी पडली की अनुमानं फार भराभर निघतात.

नवऱ्याला फोन लावला. सत्यजीत शिक्रापूरच्या एका कंपनीत शिफ्ट सांभाळतो. मागं मशिनांचा आवाज होता.

"घरात बाटली सापडली," मी म्हटलं.

"कसली?"

"दारूची. शेपाच्या डब्यात लपवलेली."

"कुणाची?"

इथं मी आबांचं नाव घ्यायला हवं होतं. पण बापाबद्दल असं बोलायला माझी जीभ रेटेना. मी लहानपणापासून मोजकं बोलणारी म्हणून नावाजलेली आहे. तो लौकिक मी नको त्या दिवशी सांभाळला.

"ते विचारू नकोस," मी म्हटलं. "आई गेल्यापासूनचंच आहे हे. एकटं पडल्यावर माणूस कशाचा तरी आधार शोधतं."

"किती झालंय?"

"फार नसावं. आजची अजून फोडलेली नाही."

"आजची?"

"तू कुणाला सांगू नकोस. ओरडून काही होत नाही. हळूहळू सुटेल. मी बघते."

"धना, अगं पण बाळ..."

"बाळाचं काय? बाळ मस्त झोपलंय. आज पहिल्यांदाच सलग दोन तास झोपलंय."

"बरं," तो म्हणाला, आणि ते फार हळू म्हणाला.

कुणाला सांगू नकोस म्हटल्यावर नवरा फक्त आईला सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला केंदूरहून माझ्या सासूबाई दारात. गिताबाई त्यांचं नाव, मी आत्याबाई म्हणते. गळ्यात तुळशीची माळ, हातात दुधाच्या पावडरीचा डबा, मागं थोरलीला शेजारी सोडून आलेला, खाली मान घातलेला सत्यजीत. त्यांनी चप्पल काढली, माझ्याकडं न बघता पाळण्याकडं गेल्या, धाकटीला उचललं आणि तिचं तोंड हुंगलं.

तान्ह्या पोरीचं तोंड हुंगताना मी आजवर कुणाला पाहिलं नव्हतं. धाकटीनंही नव्हतं. ती त्यांच्या नाकाकडं बघत राहिली.

"आज तरी न्हाई येत," त्या सत्यजीतला म्हणाल्या. मग डबा माझ्यापुढं ठेवला. "आजपास्नं पोरगी हे पिईल."

"का?"

"का म्हणून मलाच विचारतीस? हे बघ धनश्री, मी भांडायला न्हाई आले. माणसाचं मन हाय, घसरतं. पर तू अंगावर पाजतीस, तेवढं तरी ध्यानात धरायचं."

"आत्याबाई, मला काही कळत नाहीये."

"तसंच व्हतं त्यानं."

मी उठायला गेले. पायाला मुंग्या आल्या होत्या, रात्रभर मांडी घालून पाजत होते. मी झोकांडले आणि खांबाला धरलं.

"बघितलंस?" त्या लेकाला म्हणाल्या. "आन् डोळे बघ."

"लाल आहेत," सत्यजीत म्हणाला. त्याला फार वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "तुला वाटलं मी पिते?"

"तूच म्हणालीस. आई गेल्यापासूनचं आहे, हळूहळू सुटेल."

"ते मी आबांबद्दल म्हणत होते."

आबा नेमके तेव्हाच कडब्याची पेंढी खांद्यावर घेऊन अंगणात आले. आम्ही तिघं त्यांच्याकडं बघायला लागलो. चौथी धाकटीही बघत होती. त्यांनी पेंढी हळूच खाली ठेवली.

"आबा, मला डब्यात सापडली," मी म्हटलं. "मी बोलणार नव्हते. पण तुम्ही आईला शब्द दिला होता."

"मी पेलो न्हाई. वास घे."

"हिचं सील आहे. आधीची असेल."

"आधीची न्हाई आन् नंतरची न्हाई," आबा म्हणाले. "अकरा वर्षांत थेंब न्हाई घेतला मी. ती तुझ्यासाठी आणली."

आत्याबाई धाकटीला घेऊन खाटेवर बसल्या. "बापच आणून देतो म्हणल्यावर," त्या सत्यजीतला म्हणाल्या, "आपण कुठवर पुरं पडायचं?"

एवढ्यात मागच्या दारानं दगडामावशी कोमट तेलाची वाटी घेऊन आली. तिनं एकेकाचं तोंड बघितलं. चुलीजवळ उघडा पडलेला शेपाचा डबा बघितला. वाटी खाली ठेवली.

"सांगून टाक की रं भिमाजी आता. कस्तुरा काय उठून येती व्हय वरडायला?"

"तूच सांग. तुमचंच बायकांचं हाय हे."

"आणायला कोण जायचं?"

आबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सांगितलं. काढा पूर्ण निवला की एका पातेल्याला एक चपटी ब्रँडी. निवल्यावरच घालायची, गरमात उडून जाते, असं आई सांगायची. तिच्या आईनं तिला असंच शिकवलं होतं. बाळंतिणीच्या अंगात ऊब राहते, दूध उतरतं, झोप लागते.

मी ऐकत राहिले. "आडव्या बाटलीच्या आधी ना?"

"आधीबी आन् नंतरबी. आधी बरं होतं, दुकान वाडीतच होतं. ते तिनं बंद पाडलं, तवापस्नं मला शिक्रापूर गाठावं लागायचं. जाताना माझं तोंड हुंगायची. आल्यावर परत हुंगायची. सील नखानं तपासायची आन् मग कुलपात टाकायची. अकरा वर्षं मी दारू वाहिली गं, पर चाखली न्हाई. एवढी शिक्षा सरकारबी देत न्हाई."

"आणि वाडीत कुणाला माहीत होतं?"

"बायांना सगळ्यांना," मावशी म्हणाली. "तिच्यासंगं दारोदार फिरल्या त्यातल्या निम्म्या तिच्याच काढ्यावर उठून बसलेल्या. दारू येगळी, काढा येगळा. त्यात काय?"

"मग मलाच का नाही सांगितलं?"

मावशीनं माझ्याकडं अशा मायेनं बघितलं की मला खाली बघावं लागलं. "तू विचारलं असतंस, कुठं लिवलंय म्हणून."

मी खरंच विचारलं असतं.

पण तेवढ्यात दुसरीच गोष्ट माझ्या मनात शिरली. थोरलीच्या वेळी मी हा काढा चाळीस दिवस प्यायले होते. दिवसातून दोनदा. आणि तिला पाजत होते.

"सत्यजीत, थोरलीचं अक्षर वाईट आहे."

"माझंही आहे."

"ती अंगणात उगाच गोल गोल फिरत राहते. चक्कर येऊन पडेपर्यंत."

"आठ वर्षांची आहे ती."

"पाढे म्हणताना सातावर अडखळते."

"सगळं जगच सातावर अडखळतं," तो म्हणाला. पण त्याचाही चेहरा जरा विचारात पडल्यासारखा झाला.

आत्याबाईंचा हात माळेवर गेला होता.

"माझ्या ललिताच्या बाळंतपणाला," त्या कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "विहीणबाईंनी दोन बाटल्या काढा धाडला होता."



"वन्संनी प्यायला?" मी विचारलं.

"तिला कडू लागला. एक घोट घेतला आन् ठेवून दिला."

"मग?"

"मग काय, एवढ्या कष्टाचं केलेलं टाकून द्यायचं? मीच घ्यायचे रोज थोडा. गुडघ्याला. फार उतार पडला. पुन्हा मागवला होता एकदा."

"तीनदा," आबा म्हणाले. दरवेळी बाटली आणायला तेच गेलेले असल्यामुळं त्यांना नेमका आकडा ठाऊक होता.

"औषध म्हणून घेतला मी," आत्याबाई म्हणाल्या.

"औषधच व्हतं ते," मावशी म्हणाली, आणि धाकटीला त्यांच्या मांडीवरून उचलून तेल लावायला घेऊन गेली. पावडरीच्या डब्याचा विषय तिथं संपला. तो डबा अजून फडताळात आहे.

मी दौंडच्या डॉक्टरबाईंना फोन केला. धाकटीला त्याच बघतात. मी सगळं क्रमानं सांगितलं, तारखांसकट.

"म्हणजे आत्ता घेतलेली नाहीत?"

"नाही. आठ वर्षांपूर्वी."

"मग तातडीचं काय आहे?"

मी थोरलीच्या सातच्या पाढ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याला अभ्यास करावा लागेल, औषध नाही. "आमच्याकडंही द्यायच्या बायका असला काढा. तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे, एवढंच."

"आणि आता?" मी विचारलं. माझा आवाज मलाच जरा आशाळभूत वाटला. सहावा काढा चुलीवर होता. त्यात काय कमी आहे ते सापडलं होतं. ते माझ्यापासून चार हातांवर, शेपाच्या डब्याजवळ, सीलबंद होतं.

"आता नको," त्या म्हणाल्या. "जे रक्तात येतं ते दुधात येतं. रक्तातून उतरेल तेव्हाच दुधातून उतरतं, पिळून टाकलं म्हणून लवकर उतरत नाही. एखाद्या बाईनं कधीतरी थोडी घेतली तर निदान दोन-अडीच तास थांबून पाजायला सांगतो आम्ही. तुमची दोन महिन्यांची पण नाही, दर दीड तासाला पिते. तुम्ही थांबणार कधी? आणि हा रोज दोनदा घ्यायचा. दूधही त्यानं वाढत नाही, उलट कमी उतरतं. बाळाची झोप तुटते ती वेगळीच."

"पुन्हा उकळला तर?"

"सगळी उडत नाही. आणि समजा उडाली, तर तुम्हाला जो हवाय तो घोटही उडाला की."

हे मला सुचायला हवं होतं.

"पाजणं सुटेपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या. "बाटली काही नासत नाही."

थोरलीनं सव्वादोन वर्षं सोडलं नव्हतं. मी फोन ठेवला. आबा दारात उभे होते. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही, माझ्या तोंडावरून ओळखलं असावं.

"परवा तिची तिथी हाय," ते म्हणाले. "पाचवा महिना. फोटोपुढं ठेवू. तिचा काढा तिला."

आत्याबाई तिथीपर्यंत राहिल्या. धाकटीला बघायला, असं त्यांनी सांगितलं. गुडघाही दुखत होता.

तिथीच्या सकाळी मी काढा निववला. पातेलं मी धरलं, सील आबांनी फोडलं. ओतताना त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं होतं, तरी एक थेंब बाहेर पडला नाही. सवयीचा हात. आईच्या फोटोपुढं पुरणपोळीच्या ताटाशेजारी स्टीलचा छोटा पेला ठेवला. फोटो आडव्या बाटलीच्या सत्कारातला होता, त्यात आईच्या गळ्यात हार होता आणि ती कॅमेऱ्याकडं रागानं बघत होती. आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

मग प्रसाद म्हणून पेला फिरला. दगडामावशीनं घोट घेतला. पाच काढे तिनं उंबऱ्याकडं बघत प्यायले होते, हा डोळे मिटून प्यायला.

"आता झाला," ती म्हणाली, आणि पदर नाकाला लावला.

तिथीपुरता पुन्हा आलेल्या सत्यजीतनं घेतला. त्यानं तो पहिल्यांदाच प्यायला. खोकला आणि म्हणाला, "चाळीस दिवस?" आत्याबाईंनी माळ पदराखाली घेतली आणि दोनदा घेतला, दोन गुडघे म्हणून.

घरात न पिणारी माणसं दोनच उरली, मी आणि आबा. आबा पातेलं उचलून माझ्याजवळ घेऊन आले.

"वास घे," ते म्हणाले. "वासाला काय होतंय?"

मी वाकले. शेपा, सुंठ, गूळ, आणि त्यांच्या खालून वर येणारी ती ऊब. डोळे मिटले तर पेला परत घ्यायला कुणीतरी हात पुढं करेल असं वाटलं. मी मिटले नाहीत.

"हाच," मी म्हटलं.

"व्हय," आबा म्हणाले. मग त्यांनीही वास घेतला, जरा जास्त वेळ, आणि पातेलं खाली ठेवून मोटर चालू करायला निघून गेले. वाडीला सकाळपासून लाईट नव्हती. कुणी त्यांना आठवण करून दिली नाही.

धाकटी रडायला लागली. मी तिला पदराखाली घेतली, भिंतीकडं तोंड करून बसले, आणि ती पीत होती तेवढ्या वेळात माझंही थोडं रडून झालं. तिला कळलं नाही. ती तिच्या कामात होती.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण संध्याकाळी धाकटी एकाएकी चार तास झोपली. सलग. जन्मापासून हे कधी झालं नव्हतं. मी तासभर तिच्या नाकापुढं बोट धरून बसले आणि सकाळी डॉक्टरबाईंना फोन लावला. विचारलं, वासातून दुधात काही उतरतं का?



"धनश्रीताई," त्या म्हणाल्या, "बाळ चार तास झोपलं तेव्हा तुम्ही किती झोपलात?"

मी ग्रंथपाल आहे. खोटी नोंद मला करता येत नाही. मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला.